आई पिवळी, बाप तपकिरी आणि पिल्लू काळं कुळकुळीत

प्रश्न थोडक्यात असा आहे. आठ महिन्यांचा नर, वजन 26 किलो. आई पिवळी लॅब्रॅडॉर आणि बाप काळा-तपकिरी जर्मन शेफर्ड, असं सांगून पिल्लू दिलं. ते मात्र नाकापासून शेपटीपर्यंत काळं निघालं. एक कान उभा, दुसरा पडका. दारात कुणी आलं की भुंकून घर डोक्यावर घेतो. महिन्याभरापूर्वीपर्यंत हाक मारली की धावत यायचा, आता ढुंकूनही बघत नाही. आपल्याला फसवलं का, डीएनए चाचणी करावी का आणि हा स्वभावाने शेवटी कुणावर जाणार, असं विचारलं आहे.

फसवणुकीचं आधी निकालात काढू. रंगावरून तरी तसं काही दिसत नाही. उलट काळा रंग बघून मला सांगितलेली माहिती जास्त खरी वाटते. पिवळी लॅब मुळात पिवळी नसते. तिच्याकडे अंगभर काळा रंग देणारं जनुक बहुतेक वेळा असतंच, पण दुसरं एक जनुक केसात काळा रंग उतरूच देत नाही. म्हणून केस पिवळे आणि नाक, ओठ, पापण्यांच्या कडा काळ्या. हे अडवणारं जनुक आई आणि बाप दोघांकडून मिळालं तरच काम करतं. शेफर्ड बापाकडून ते सहसा येत नाही, त्यामुळे पिल्लात अडसर निघतो आणि आईचा लपलेला काळा बाहेर पडतो. हा काळा बापाच्या तपकिरी नक्षीवरही मात करतो. म्हणजे पिवळी आणि तपकिरी मिळून काळं, हे रंगपेटीत विचित्र वाटलं तरी जनुकांच्या हिशेबात सरळ आहे. आखूड केसांचंही तसंच. लांब केस यायला दोन्हीकडून तशा जनुकाची प्रत लागते, आणि लॅबकडे ती जवळपास नसतेच.

एक मात्र लक्षात ठेवा. आई डोळ्यांनी दिसते, बाप सांगण्यावरून कळतो. माजावर आलेली मादी दोन-तीन दिवसांत दोन नरांकडून गाभण राहू शकते, आणि मग एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असतात. त्यामुळे पिल्लू देणारा खोटं बोलत नसतानाही चुकलेला असू शकतो.

आता रूपावरून जात ओळखण्याबद्दल. मी बावीस वर्षं कुत्र्यांवर उपचार करतो आहे आणि तरीही रूपावरून जात सांगायचं मी सोडून दिलंय. त्याला कारण माझीच एक चूक. एक काळं, भुवयांवर तपकिरी ठिपके असलेलं, रुंद डोक्याचं कुत्रं लसीकरणाला आलं होतं. मी कार्डावर बिनधास्त ‘रॉटवायलर मिक्स’ लिहून टाकलं. त्या एका शब्दापायी घरच्यांनी त्याला वर्षभर पाहुण्यांपासून लांब ठेवलं, मुलांना त्याच्याशी खेळू दिलं नाही. कुत्रं शेवटी माणूसघाणं झालं आणि ‘बघा, जात दाखवली’ म्हणून माझ्याकडेच परत आलं. पुढे त्यांनी हौसेने चाचणी केली तर रॉटवायलरचा अंशही नव्हता. भुवयांवरचे ते ठिपके देणारं जनुक डझनावारी जातींत असतं. जिभेवरचा काळा डाग म्हणजे चाउ चाउ, निळा डोळा म्हणजे हस्की, हीही त्याच पंथातली अनुमानं. जिभेवरचे डाग तर लॅबमध्येही दिसतात.

हे माझ्यापुरतं नाही. 1950च्या दशकात अमेरिकेत मेन राज्यातल्या जॅक्सन प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर या दोघांनी बसेन्जी आणि कॉकर स्पॅनियल यांचा पद्धतशीर संकर केला होता. एक जात आखूड केसांची, उभ्या कानांची, जवळपास न भुंकणारी. दुसरी लोंबत्या कानांची, झुपकेदार आणि बोलकी. त्यांच्या संकरातली पिल्लं बघून आई-बाप कोण हे सांगायला लोकांना लावलं तर बसेन्जी क्वचितच कुणाला आठवेल, आणि पुढच्या पिढीत तर एकाच वेतातली भावंडं नात्यातली वाटत नाहीत.

असं होण्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. कुत्र्यात गुणसूत्रांच्या 39 जोड्या असतात, जोडीतलं एक आईचं, एक बापाचं. आई-बाप दोघेही शुद्ध जातीचे असतील तर पहिल्या पिढीतल्या प्रत्येक पिल्लाला निम्मं निम्मं मिळतं, त्यात भावंडांत भेदभाव नाही. अशी दोन मिश्र कुत्री पुढे एकत्र आली की पत्ते खऱ्या अर्थाने पिसले जातात. एका पिल्लात लॅबचा वाटा पासष्ट टक्के येईल, त्याच्याच भावात चाळीस. शिवाय दिसणं ठरवणारी जनुकं फारच थोडी आहेत. केस आखूड की लांब, कुरळे की सरळ, तोंडावर दाढी-मिशा आहेत की नाहीत, हे बहुतेक जातींत तीन जनुकांवर ठरतं असं 2009 मध्ये स्पष्ट झालं. पाय आखूड होतात ते मुख्यतः एकाच जनुकाच्या जादा प्रतीमुळे. तेव्हा बाकी सारं लॅबचं असून कुत्रं लॅबसारखं मुळीच न दिसणं अगदी शक्य आहे. खाण तशी माती म्हणतात, पण इथे खाणी दोन असतात आणि वरवर दिसणारी माती फार थोडी.

स्वभावाचं मी वेगळं सांगतो, कारण तिथेच लोकांची सर्वांत मोठी गफलत होते. 2022 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. 18,385 कुत्र्यांच्या मालकांनी वागणुकीची प्रश्नावली भरली होती आणि 2,155 कुत्र्यांचे जनुकसंच वाचले होते. यात मिश्र कुत्री भरपूर होती, हे महत्त्वाचं. निष्कर्ष असा, की एका कुत्र्यात आणि दुसऱ्यात वागण्याचा जो फरक असतो त्यातला जेमतेम 9 टक्के फरक जातीवरून सांगता येतो. स्वभाव वारशाने येत नाही असा याचा अर्थ नाही. तो बऱ्यापैकी येतो, पण जातीच्या कुंपणात राहत नाही. प्रेमळ शेफर्ड आणि तिरसट लॅब दोन्ही मी टेबलावर हाताळलेत. माणसाच्या सूचनेला चटकन प्रतिसाद देणं यासारख्या थोड्या गुणांत जातीचा हात जास्त दिसतो, कुणावर चिडेल की नाही यात फार कमी.

मग आई-बापांच्या जाती माहीत असण्याचा उपयोग काय? माझ्या मते उपयोग आहे, पण ‘स्वभाव’ या शब्दाखाली तो शोधू नये. जात ज्या कामासाठी घडवली त्या कामाच्या हालचाली शोधाव्यात. हालचाली वारशात बऱ्याच टिकतात, आणि मिश्र कुत्र्यात दोन कामांच्या हालचाली शेजारी शेजारी नांदतात.

लॅबचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांबरोबर राबणारे. पुढे ब्रिटनमध्ये त्यांच्यातून पडलेला पक्षी शोधून न चेचता आणून देणारं कुत्रं घडवलं. म्हणून लॅब सतत तोंडात काहीतरी धरतो, आणि धरतो ते हलकं. चप्पल पळवतो, पण आणून तुमच्यासमोरच मिरवतो. जर्मन शेफर्डचं काम निराळं होतं. 1899 पासून ही जात पद्धतशीर जोपासली गेली. मेंढ्या एका पट्ट्यात चरत असताना कडेच्या पिकात त्यांना शिरू न देणं हे त्याचं काम. दिवसभर हद्दीच्या रेषेवरून दुडक्या चालीने येरझाऱ्या घालायच्या. जिवंत कुंपणच ते. कोण आत आलं, कोण बाहेर गेलं, याची दखल घेणं हा त्या कामाचा गाभा.

आता तुमचा कुत्रा दारात भुंकतो याकडे या नजरेने बघा. त्याला पाहुण्यांचा राग असेलच असं नाही. त्याची हद्द ओलांडली गेली, याची तो वर्दी देतोय. त्याला गप्प बसवण्यापेक्षा वर्दीनंतर करायचं पुढचं काम द्या. बेल वाजली की एक ठरावीक खेळणं तोंडात घेऊन आपल्या चटईवर जाणं. इथे आईकडचं काम बापाकडच्या कामाच्या मदतीला येतं, कारण तोंड भरलेलं असलं की भुंकणं आपोआप अर्ध्यावर येतं. लॅबच्या मिश्र कुत्र्यांत हा उपाय मला इतर कशाहीपेक्षा जास्त लागू पडलेला दिसतो. आधी बेल न वाजवता शिकवा, मग घरच्याच कुणाला तरी बाहेर उभं करून बेल वाजवायला लावा, आणि खरा पाहुणा सर्वांत शेवटी. घाईने थेट पाहुण्यावर प्रयोग केला की हमखास फसतो.

त्याच्यात कुठली हालचाल किती उतरली आहे, हे पंधरा दिवसांत घरीच कळतं. एक वही करा. मोकळ्या जागी चेंडू संथपणे घरंगळत सोडा. धावून उचलतो आणि परत आणतो, की उचलून पळतो, की चेंडूला वळसा घालून आडवा येतो? दोन माणसं चालताना वेगळी झाली तर मधे येऊन त्यांना एकत्र आणायला बघतो का? हातातलं काही तोंडात घेतलं तर दाताचा दाब किती? मैदानात सोडला तर मधोमध हुंगत फिरतो, की कडेकडेने चकरा मारतो?

एकाच वेतातली दोन भावंडं एकदा माझ्याकडे एकाच दिवशी आली होती, दोघंही लॅब-शेफर्डच. खोलीच्या मध्यावर मोज्यांची गुंडाळी टाकली. थोरल्याने ती उचलली, शेपटीने अख्खं बूड हलवत मालकाच्या गुडघ्यावर आणून ठेवली. धाकटीने मोज्यांकडे पाहिलंही नाही. ती भिंतीच्या कडेने एक पूर्ण फेरी मारून दाराच्या उंबऱ्याला तोंड करून बसली, आणि बाहेर पाऊल वाजलं की एक कान वळवायची. निम्मं निम्मं रक्त असून एकीत बाप जागा, दुसऱ्यात आई.

वहीत आणखी एक नोंद ठेवा, आणि मी तिला सगळ्यांत जास्त मोल देतो. भांडं पडलं, छत्री उघडली, असं काही होऊन तो दचकला की पूर्ववत व्हायला किती सेकंद लागतात? दचकणं वाईट नाही. पाच-दहा सेकंदांत परत येऊन त्या वस्तूला हुंगणारा कुत्रा मनाने धडधाकट. दहा मिनिटं कोपऱ्यात बसणाऱ्याची जात कुठलीही असो, त्याच्यावर लवकर काम करायला हवं. याचा संबंध पिल्लू तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तिसऱ्या महिन्यापर्यंत कुठे आणि कुणात वाढलं याच्याशी मोठा असतो. या काळाचं महत्त्व पुढे आलं तेही वर सांगितलेल्या जॅक्सन प्रयोगशाळेतल्या कामातूनच.

हाकेला न येण्याचा मात्र आई-बापांच्या जातीशी संबंध नाही. आठ महिने हेच त्याचं उत्तर. 2020 मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी 69 कुत्र्यांना पाचव्या आणि आठव्या महिन्यात ‘बस’ ही आज्ञा देऊन बघितली. कुत्री होती लॅब, गोल्डन रिट्रिव्हर आणि त्यांचे संकर. आठव्या महिन्यात ती ज्याच्यावर जीव लावला त्याचंच कमी ऐकत होती, अनोळखी माणसाचं मात्र ऐकत होती. घरात मोठं होणारं मूल असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. लांब दोरी वापरा, मोकळं सोडू नका, आणि आला नाही म्हणून ओरडू नका. वर्षाच्या पुढेमागे गाडी रुळावर येते.

तब्येतीकडे वळतो, कारण खरं तर चाचणी करायची असली तर ती यासाठी करावी. ‘मिश्र कुत्रं म्हणजे काटक’ हे अर्धसत्य आहे. 2013 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या गटाने 27,000 हून अधिक कुत्र्यांच्या नोंदींतून 24 आनुवंशिक आजार तपासले. 10 आजार शुद्ध जातींत जास्त निघाले, 13 मध्ये फरकच नव्हता, आणि गुडघ्यातला लिगामेंट तुटणं हा एक मिश्र कुत्र्यांत जास्त निघाला. यातली मेख अशी आहे. ज्या आजाराला दोन्हीकडून सदोष प्रत लागते, तो दोष फक्त एका जातीत असेल तर संकरात पिल्लू वाचतं. जोरात पळाल्यावर मागचे पाय लुळे पडण्याचा लॅबमधला एक विकार असाच आहे, आणि तुमच्या कुत्र्याला तो होण्याची शक्यता नगण्य. पण खुब्याचा सांधा सैल असणं ही लॅब आणि शेफर्ड दोघांचीही दुखरी नस. तिथे संकर काहीच वाचवत नाही, दोन्ही बाजूंनी तेच हप्ते भरलेले असतात. म्हणून वजन आटोक्यात ठेवा, हाडं पक्की होईपर्यंत जिन्यांवरून उड्या आणि सायकलमागे पळवणं टाळा, आणि उठताना ससा उडी मारतो तसे मागचे दोन्ही पाय एकदम टाकत असेल तर क्ष-किरण तपासणी लांबवू नका.

दोन गोष्टी अशा, की ज्यांना एकच प्रत पुरते. लॅबमध्ये सुमारे चारांतल्या एकाकडे पोट भरल्याची जाणीव क्षीण करणारा जनुकीय बदल असतो, 2016 मध्ये तो सापडला. आईकडून तो आला असेल तर तुमचा कुत्रा हावरट नाही, त्याला खरोखरच भूक वाटते. अशा कुत्र्याच्या डोळ्यांकडे बघून वाढू नका, वजनकाट्यावर मोजून वाढा. दुसरी गोष्ट बापाकडची. कॉली या मेंढपाळी जातीत फार मोठ्या प्रमाणावर आणि जर्मन शेफर्डमध्ये थोड्यांत एक बदल आढळतो, ज्यामुळे काही औषधं मेंदूत शिरतात आणि बाहेर पडत नाहीत. आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाचा मोठा डोस त्यांतलाच. दोन प्रती असलेल्या कुत्र्याला धोका सर्वांत जास्त, पण एक प्रत असलेल्यालाही काही औषधं बेताने द्यावी लागतात. जंत-गोचिडांसाठी कुत्र्यांचं नेहमीचं औषध योग्य मात्रेत चालतं, मात्र गुराढोरांसाठीचं औषध अंदाजाने पाजण्याचा उद्योग कुणीही करू नये. बाप मेंढपाळी जातीचा असावा असा नुसता संशय असला तरी तो डॉक्टरांच्या कानावर घाला.

निर्बीजीकरणाबद्दल विचारलं नाही, पण आठ महिन्यांच्या नराच्या घरात तो विषय येतोच. मिश्र कुत्र्यांत जातीपेक्षा होणारं वजन बघावं. डेव्हिसच्याच 2020 च्या एका अभ्यासात 20 किलोच्या पुढच्या मिश्र कुत्र्यांत वर्षाच्या आत शस्त्रक्रिया केली तर सांध्यांचे त्रास वाढलेले दिसले. तुमचा आत्ताच 26 आहे. काही अडचण नसेल तर मी थांबेन.

मग चाचणी करावी का? गालाच्या आतून काडी फिरवायची, एवढंच काम. आधी तासभर खायला देऊ नका आणि दुसऱ्या कुत्र्याशी तोंडातोंडी खेळू देऊ नका, नाहीतर निकाल दोघांचा मिळून येतो. आजारांची जनुकंही तपासणारी चाचणी घेणार असाल तर जरूर करा, नुसती जातींची टक्केवारी देणारी केली नाही तरी काही बिघडत नाही. निकालात दोन-चार टक्क्यांच्या ज्या जाती दिसतील त्यांवर कथा रचू नका, ती बहुधा आकडेमोडीची धूळ असते. ही चाचणी तुमच्या कुत्र्याची तुलना तिच्याकडे साठवलेल्या जातींच्या नमुन्यांशी करते. नमुन्यांत जे नाही ते तिला सापडत नाही, मग ती जवळचं काहीतरी चिकटवते. जगभर वस्त्यांच्या आसपास पिढ्यान्पिढ्या मोकळी राहणारी कुत्री यात हमखास भरडली जातात. ती मुळात कुठल्याच जातींची भेसळ नाहीत, त्यांची वंशावळ आधुनिक जातींपेक्षा जुनी आहे.

आणि तो कान. उभा आणि पडका यांच्या संकरात कान कुठेही अडकू शकतो. दात बदलताना तो वरखाली होतो, पण दात येऊन संपल्यावर, म्हणजे तुमच्या कुत्र्याच्या वयात, जो पडका आहे तो आता पडकाच राहणार. चिकटपट्टी लावून उभा करायचा खटाटोप करू नका, कातडी सोलवटते. पडक्या कानाच्या आत हवा कमी खेळते, तेव्हा आठवड्यातून एकदा उचलून वास घेऊन बघा. आंबूस वास आला तर तो कान तेवढा घेऊन या, कुत्र्यासकट.